आप्पांचा खुबा आणि माझी बारा आठवड्यांची रजा

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी, कँटीन.
आप्पा पडले. आईचा फोन आला. इतकी रडत होती की आधी वाटलं म्हैस गेली.

झालं असं. शेजारच्यांचा ऊस ट्रॉलीत भरत होते. ऊस आपला नाही, ट्रॉली आपली नाही, ट्रॅक्टरही आपला नाही. तरी आप्पा ट्रॉलीवर चढून तोडणीवाल्यांना मोळी कशी रचायची ते शिकवत होते. आमचे वडील पोपटराव, मांडवगण फराट्याच्या सोसायटीचे माजी चेअरमन. 'माजी' हा शब्द त्यांना दिसत नाही. पाय सटकला, खुब्याचं हाड मोडलं. दौंडला दवाखान्यात नेलंय. परवा ऑपरेशन, बॉल बसवणार.

नीलम (बायको) ब्लाऊजची शिवणं अर्धी टाकून लगेच एसटीने दौंडला गेली. मला निघता येईना. शिक्रापूरच्या या कंपनीत मी लाइन नंबर चारचा लीडर आहे. आम्ही गाड्यांच्या सीटबेल्टची बकलं बनवतो. देशात कुठंही माणूस बेल्ट लावतो आणि 'टक्' असा आवाज येतो, त्या 'टक्'मध्ये माझा वाटा आहे. मी हललो तर लाइन बसते. इकडे लाइन, तिकडे बाप. मोठ्या माणसांवर असेच प्रसंग येतात.

निश्चय: आप्पांना मी पायावर उभं करणार. स्वतः. लाइनही बसू देणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
सापडला! कायदा सापडला. चहाच्या सुट्टीत फोनवर 'वडील आजारी रजा नोकरी जाईल का' असं टाकलं. इंग्रजी पान आलं, फोनने आपोआप मराठी करून दिलं. कुटुंब आणि वैद्यकीय रजा कायदा. 'पात्र कर्मचाऱ्यास बारा आठवडे न चुकवलेली, नोकरी-संरक्षित रजा.' न चुकवलेली, म्हणजे ही रजा चुकवायची नाही, घ्यायचीच. सरकारला कामगाराची एवढी काळजी आहे हे मला माहीत नव्हतं. कंपनीने दाबून ठेवलं असणार.

परत आल्यावर तेच पद किंवा समान पद, हेही लिहिलंय. त्यात आई-वडीलही बसतात. अट एकच, पंच्याहत्तर मैलांच्या आत पन्नास कामगार पाहिजेत. आमच्याकडे एका शिफ्टला त्याहून जास्त आहेत. मैल का लिहिलेत ते कळलं नाही. कायदा इंग्रजांच्या काळातला असावा.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सुट्टी. दौंड.
ऑपरेशन झालं. बॉल बसला. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून वॉकर धरून उभं करायचं, भीती मोडली की निम्मं काम झालं. चालले नाहीत तर मात्र कायमचे खाटेला लागतील. मी त्यांना सांगितलं, काळजी करू नका, मी बारा आठवडे आहे. डॉक्टरांनी नीलमकडे बघितलं. नीलमने गोळ्यांच्या वेळा विचारल्या.

आप्पा गुंगीत होते. मला ओळखलं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला शिव्या देत होते, म्हणजे मेंदू शाबूत आहे.

येताना शिक्रापूरच्या चौकात कायद्याची प्रिंट काढली. झेरॉक्सवाला म्हणाला, लॅमिनेशन करू का. करून घेतलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
एचआरच्या समृद्धी मॅडमना भेटलो. वय कमी, पण पुण्यात शिकलेल्या. कायदा टेबलावर ठेवला. म्हणालो, मॅडम, वाचा.

त्यांनी वाचला. मग फाइल तोंडासमोर धरली. खांदे हलत होते. घाबरल्या असाव्यात. नंतर म्हणाल्या, "सत्यजीत, हे इथलं नाही हो." बरोबर आहे, इथलं कसं असेल? कायदा वरून येतो. तसं बोलूनही दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या की वडिलांचं आहे तर जा, आधी शिल्लक रजा घ्या, पुढे लागली तर बिनपगारी टाकायचं बघते, पण मला कळवत राहा, फोन उचलत जा. आणि शेवटी म्हणाल्या, हे लॅमिनेशन कुणाला दाखवू नका.

यावरून कंपनी किती हादरली आहे ते समजतं. साहजिकच जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना दाखवलं.

८ फेब्रुवारी, शनिवार
लाइनवर माझ्याकडे बघण्याची नजर बदलली आहे. बिहारचा एक ऑपरेटर विचारत होता, "भैया, ये कानून हमारे गाँव में भी चलता है क्या?" म्हटलं, का नाही.

दत्ता आला. केंदूरचा पोरगा, ठेकेदाराकडून लागलेला, तोंडातून शब्द काढेल तर शपथ. बायकोचे दिवस भरत आलेत. त्याने हळूच विचारलं, "भाऊ, ह्ये बापासाठी बी हाय का?" मी म्हणालो, अरे, बापासाठीच तर आहे. मी कशासाठी चाललोय? तो म्हणाला, मग मी बी जाऊ का? म्हटलं, बिनधास्त जा. कुणी काही बोललं तर माझं नाव सांग.

माझ्या हाताखालच्या रोहिदासला लाइन दिली. माणूस कामाचा, पण बोलतो कमी आणि ओरडतो त्याहून कमी. लीडर ओरडला पाहिजे. त्याला म्हटलं, अडलं की फोन कर, कितीही वेळा. तो "व्हय" म्हणाला. बिचारा आतून घाबरलेला दिसला.

निश्चय: रजेत रोज दोनदा लाइनची खबर घ्यायची. पहाटे उठायचं. वजन कमी करायचं.

१२ फेब्रुवारी, बुधवार. मांडवगण फराटा.
काल आप्पांना घरी आणलं. मी टाइमटेबल करून भिंतीला चिकटवलं. सहा वाजता प्राणायाम. साडेसहा पाय उचलणे. सात वॉकर. आठ प्रोटीन. पुढे 'सकारात्मक विचार' असाही एक तास आहे.

सहा वाजता आप्पा झोपले होते. मीही. साडेसहाला मी उठवायला गेलो तर म्हणाले, "तुझ्या आयला, कोंबडं हायस का?" आई शेजारीच होती. ती म्हणाली, मला कशाला मधी आणता.

वॉकरला हात लावायला तयार नाहीत. म्हणतात, लोकांनी मला गाडीतून उतरताना बघितलंय, हे लोखंड ढकलत बघितलं तर इज्जत जाईल. मी समजावलं की खुबा आणि इज्जत वेगवेगळ्या ठिकाणी असतात. त्यांनी तांब्या फेकला. नेम चांगला आहे. हात पूर्ण बरे आहेत, अशी नोंद केली.

रोहिदासचा फोन नाही. नेटवर्क खराब असणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
लिहावं की नाही. लिहितो.

आप्पांना संडासला नेणं. खुर्ची आणलीय, मधे भोक असलेली, खाली भांडं. आईचे गुडघे धरलेत, तिला उचलवत नाही. नीलमला आप्पा जवळ येऊ देत नाहीत, सुनेनं करायचं का हे, म्हणतात. काल दिवसभर पाणीच प्यायले नाहीत, जावं लागू नये म्हणून. आज पोट दुखायला लागलं, तेव्हा आईने माझ्याकडे नुसतं बघितलं.

माझा विचार होता की या कामाला माणूस लावायचा. माझं काम नियोजनाचं. पण माणूस सकाळी कुठून आणणार. काखेत हात घालून उचललं. आप्पा एवढे हलके असतील असं वाटलं नव्हतं. नंतर धुतलं. दोघंही भिंतीकडे बघत होतो, ते त्या भिंतीकडे, मी ह्या. मग आप्पा म्हणाले, "कंपनीत ह्ये बी शिकवत्यात व्हय रं?"

मी म्हणालो, "ट्रेनिंग हाय आप्पा. तीन दिवसांचं."

हसले. पडल्यापासून पहिल्यांदा. पाणीही प्यायले, तांब्याभर.

मळमळलं नाही. आश्चर्य आहे. घरातली मिसरी जरी बघितली तरी मला मळमळतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार
टाइमटेबलमध्ये बदल. सहाचं आठ केलं. आठला चहा, चहानंतर पेपर, पेपरनंतर पारावर जावं लागतं, कारण लोक आप्पांची चौकशी करतात आणि ती एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदम सांगितलेली बरी. तिथं कायद्याचा विषय निघतो. मी काढतो म्हणून निघतो, पण निघतो. एक म्हातारा म्हणाला, बैलाला हाय का असा कायदा. अशा समाजात काम करायचंय.

परत आलो तर आप्पा ओट्यावर बसलेले. चालत आलेले. वॉकर धरून. मी आईला विचारलं, प्राणायामाचा गुण आला का. आई म्हणाली, कसला प्राणायाम, नीलमनं चहा ओट्यावर नेऊन ठेवला आन् सांगितलं, आप्पा, चहा भाईर हाय, निवला तर मी परत करायची न्हाई. आप्पा शिव्या देत, भिंत धरत, वॉकर ढकलत गेले.

माझ्या गैरहजेरीत व्हायला नको होतं. मोजमाप राहून गेलं. तरी पायाभूत काम माझंच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
कंपनीचे दोन मिस्ड कॉल. समृद्धी मॅडम. मुद्दाम उचलले नाहीत. चटकन उचलणारा माणूस स्वस्त होतो. लाइन कोसळली असणार, परत या म्हणून विनवणार. विनवू देत जरा.

रोहिदासला मात्र मीच फोन केला, माणुसकी म्हणून. विचारलं, काय अडचण. म्हणाला, न्हाई काय. रिजेक्शन, म्हणजे बाद माल? कमी झालंय. टार्गेट? व्हतंय. मग फोन का केला नाहीस? तर म्हणे, काय सांगायला करू?

खोटं बोलतोय. माझ्या काळजीपोटी. भला माणूस.

२२ फेब्रुवारी, शनिवार
मी पारावर असताना मॅडमचा फोन परत आला. फोन घरी चार्जिंगला. नीलमने उचलला. दोघी म्हणे बराच वेळ बोलल्या. माझी शिल्लक रजा संपत आली होती, मी कळवलं नाही, फोन उचलला नाही. अजून थोडं गेलं असतं तर 'न सांगता गैरहजर' धरून नोटीस निघाली असती. नीलमने दवाखान्याचे कागद फोनवरून पाठवले, आप्पांची स्थिती सांगितली आणि बिनपगारी रजा वाढवून घेतली. तीही पुढच्या महिन्याच्या सुरुवातीपर्यंतच.

थोडक्यात, कंपनी नमली.

नीलमने भाकरी थापता थापता अजून एक सांगितलं. मॅडम म्हणाल्या, तो कायदा अमेरिकेचा आहे, आणि 'न चुकवलेली' म्हणजे बिनपगारी.

मी म्हणालो, शक्य नाही. ती म्हणाली, "अहो, त्यात मैल हायेत. आपल्याकडं दगडावर किलोमीटर असत्यात." मी म्हणालो, मग तेव्हाच का बोलली नाहीस? तर म्हणे, "तुम्ही लॅमिनेशन करून आलावता. काय बोलणार."

जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो.

२३ फेब्रुवारी, रविवार
विचार केला. कायदा अमेरिकेचा असला तरी वडील सगळ्या देशांत असतात. तत्त्व म्हणून तो लागू होतो. शिवाय आमचा माल एक्सपोर्ट होतो.

आप्पा ओसरीपर्यंत दोनदा. संडासच्या खुर्चीपर्यंत आता स्वतः येतात, पुढचं मी. बोलत नाहीत फार, पण आज माझ्या खांद्यावर भार टाकताना कचरले नाहीत. परवापर्यंत हाताची मूठ आवळलेली असायची.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
वाईट बातमी. रोहिदासचा फोन. पहिला. वाटलं, अखेर अडलं. अडलं नव्हतं. दत्ताचं सांगायला केला होता.

दत्ता माझ्या मागोमाग रजेवर गेला. ठेकेदाराने विचारलं, कुणाला विचारून? तर त्याने माझं नाव सांगितलं. (मीच तसं सांगितलं होतं, हे खरं.) ठेकेदार म्हणाला, मग त्यालाच जाऊन पगार माग, परत येऊ नको.

मी रोहिदासला म्हणालो, ही बेकायदा कारवाई आहे. वर मी म्हणालो, दत्ताने मला आधी विचारायला हवं होतं. रोहिदास म्हणाला, "इचारलंवतं की." आणि फोन ठेवला.

माझा दोष कुठं येतो ते बघतोय. फोनने भाषांतर केलं. झेरॉक्सवाल्याने लॅमिनेशन केलं. मॅडमनी स्पष्ट 'अमेरिका' म्हटलं नाही. साखळी मोठी आहे.

दुपारी आप्पांनी विचारलं, "तोंड का पाडलंस?" सगळं सांगितलं. का सांगितलं कळत नाही. त्यांना धुताना काहीही बोललं जातं. ते म्हणाले, "गडी हाय कुठला? केंदूरचा? मग जा की. हितून फोनवर पुढारपण नको करू." मी म्हणालो, तुमचं कोण करणार? तर म्हणाले, "सकाळचं उरकून जा. संध्याकाळपर्यंत दम धरतो."

२७ फेब्रुवारी, गुरुवार. केंदूरहून आल्यावर.
मोटारसायकलवर जाताना सगळं ठरवलं होतं. आधी कायद्याची पार्श्वभूमी सांगायची, मग भाषांतरातल्या अडचणी, मग 'आपण लढू'.

दत्ताच्या दारात त्याची आई रंगुबाई तांदूळ निवडत होती. आत बाळ रडत होतं. मुलगी झालीय. दत्ता बाहेर आला, लाजला, म्हणाला भाऊ बसा. चिडेल म्हणून मी तयारीत होतो. चिडलाच नाही. चिडलेल्या माणसाला उत्तर देता येतं, याला काय द्यायचं?

त्यानेच सांगितलं. भर दुपारी बायकोला एकाएकी त्रास सुरू झाला. अंगावरून रक्त जायला लागलं. घरात दत्ता आणि रंगुबाई दोघंच. दत्ताने कांद्याचा टेम्पो अडवला, गोण्या रस्त्यावर उतरवल्या, बायकोला आत निजवून दवाखाना गाठला. डॉक्टरीण म्हणाली, अजून उशीर झाला असता तर दोघीही हाताला लागल्या नसत्या. "मी लाइनवर असतो तर फोन लॉकरमधी असता, भाऊ," दत्ता म्हणाला. "तुमी जा म्हणाला, म्हणून मी हितं व्हतो."

मला एकदम बरं वाटलं. म्हटलं, बघ, कायदा अमेरिकेचा असला तरी उपयोगी पडला ना. अजूनही पुढं बोलणार होतो. तेवढ्यात रंगुबाईने सूप खाली ठेवलं.

"उपेग झाला, खरंय," ती म्हणाली. "आता खायचं काय, त्ये बी सांगा."

दत्ता म्हणाला, आये, गप. मग तिने बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवलं, बहुतेक हात रिकामे करायला. एवढीशी होती. माझ्याकडे बघत होती की पंख्याकडे, कळलं नाही. भाषण सगळं विसरलो. चहा पिऊन निघालो. लढू वगैरे काही म्हणालो नाही.

निश्चय: (काही सुचत नाही.)

३ मार्च, सोमवार
आप्पा आज एकटे गेले. दाराबाहेर उभा राहिलो, आतून ओरडले, "हुबा ऱ्हाऊ नको, मला हुईना." लांब गेलो. बाहेर आले ते चेअरमन असल्यासारखे. दुपारी वॉकर घेऊन पारावर गेले. लोकांनी बघावं म्हणून नीलमने वॉकरला सोसायटीच्या प्रचारातला उरलेला भगवा गोंडा बांधून दिला होता. आप्पा आता म्हणतात, ही गाडी आहे.

मला म्हणाले, "जा आता कामावर. तुझी सेवा पुरं झाली. तुझ्या आईला जरा ईसावा मिळू दे." आई मागून मान हलवत होती. इतकी जोरात हलवायची गरज नव्हती.

वजन वाढलं आहे. वॉकर ढकलायला मदत केली त्यामुळे स्नायू झाले असावेत.

७ मार्च, शुक्रवार. शिक्रापूर.
हजर झालो. गेटवर कुणी थांबलेलं नव्हतं. थांबायला पाहिजे होतं असं नाही, पण सांगून ठेवतो.

थेट समृद्धी मॅडमकडे गेलो. दत्तासाठी. मुद्दे पाठ केले होते. समाज, न्याय, आई, मुलगी, या क्रमाने. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते एवढंच, "मॅडम, त्याला मीच सांगितलंवतं. त्याचं काही नाही."

मॅडम हसल्या नाहीत. यावेळी फाइलही घेतली नाही. म्हणाल्या, "बायकांना बाळंतपणाची रजा आहे. तुम्ही स्वतः आजारी पडलात तर कामगार विम्याची, ईएसआयची आहे. पण बाप आजारी पडला किंवा माणूस स्वतः बाप झाला, तर खाजगी कंपनीत त्याला हक्काची म्हणून काही नाही. साहेबाच्या मनात आलं तर मिळते. हे मलाही आवडत नाही, सत्यजीत. तुमचा तो कागद मी घरी नेऊन परत वाचला."

मग खरी गोष्ट कळली. दत्ताची जागा भरलेलीच नाही. ठेकेदार रोज नवा माणूस आणायचं म्हणायचा आणि रोज लाइनवर माणूस उभा असायचा. रोहिदास, आमच्याच लाइनवरची शितल, तो बिहारचा, आणखी दोघं. आळीपाळीने दत्ताची शिफ्ट मारत होते, आपली मारून झाल्यावर. कुणी भाषण केलं नाही. ठेकेदाराला नवीन माणूस शोधायचा कंटाळा, त्याला जागा रिकामी दिसेना, मॅडमनी दोनदा शब्द टाकला, आणि परवा तो म्हणाला, येऊ दे सोमवारपासून.

मी विचारलं, आणि माझी जागा? मॅडम म्हणाल्या, "तुमचीही तेच भरून काढत होते."

मग म्हणालो, तेच पद किंवा समान पद, असं असतं. सवयीने निघालं तोंडातून. त्या म्हणाल्या, पगाराला धक्का नाही. पण लाइन आता रोहिदासकडेच ठेवतोय. रिजेक्शन निम्म्यावर आलंय, लोक मागून मागून ओव्हरटाइम करतायत. तुम्ही त्याच लाइनवर टेस्टिंगला बसा.

टेस्टिंग म्हणजे बकल लावायचं, 'टक्' ऐकायचं, काढायचं. दिवसभर.

जबाबदारीचं काम आहे. कान चांगले लागतात.

१० मार्च, सोमवार
दत्ता आला. पेढे आणले. आधी रोहिदासला दिला, मग मला. क्रम बरोबरच आहे.

आज आख्ख्या शिफ्टला रोहिदास एकदाही ओरडला नाही. मी मधे एकदा सवयीने ओरडलो. सगळ्यांनी वळून बघितलं. रोहिदास म्हणाला, "काय पायजेल, सत्यजीतराव?" काही नको होतं.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड. दुपारी, कँटीन.
सकाळच्या मीटिंगमध्ये रोहिदासने सांगितलं, शितलच्या सासूचं उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, शिरूरला. तिची सेकंड शिफ्ट कोण मारणार? सगळे एकमेकांकडे बघत होते. कानाच्या मागे गेटवर पोरांनी लावलेला रंग खाजत होता म्हणून मी हात वर केला. रोहिदास म्हणाला, "सत्यजीतराव. झालं." शितल म्हणाली, लय उपकार झाले, भाऊ. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खाजवलं आणि हात खाली घेतला.

मग चहाच्या सुट्टीत आप्पांचा फोन. गाडी (वॉकर) सोडून काठीवर आलेत. कालपासून सोसायटीत जाऊन बसतात, कुणी बोलावलेलं नसताना. बोलता बोलता म्हणाले, पायाची नखं वाढलीत, अजून वाकता येत नाही. नीलम शिक्रापूरला आलेली, आणि आईला दिसत नाही, तिनं काल निम्मं बोट कापलं. "तू कधी येतोस?" असं विचारलं. आप्पांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. नेहमी 'कशाला येतोस' असतं.

आमची सुट्टी गुरुवारी. तोवर बोटं राहायची नाहीत. रोहिदासकडे गेलो. ज्याला मी रजा द्यायचो, किंवा खरं सांगायचं तर द्यायचो नाही, त्याच्यासमोर उभा राहिलो. परवा रविवारी रजा पाहिजे म्हणालो. त्याने विचारलं, कारण?

म्हटलं, नखं कापायचीत.

"कुणाची?"

"आप्पांची."

वाटलं, हसेल. त्याने बकलांचा ट्रे खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "जा. मी थांबतो." एवढंच. कलम नाही, मैल नाहीत.

म्हणजे उद्या शितलसाठी मी, आणि रविवारी माझ्यासाठी रोहिदास. पुढच्या आठवड्यात रोहिदासला मेव्हणीच्या साखरपुड्याला जायचंय, त्याच्यासाठी कोण ते अजून ठरलेलं नाही. पण दत्ता सकाळपासून माझ्या हाताकडे बघतोय.

निश्चय: मीटिंगला हात खिशात ठेवून उभं राहायचं.